काठावरची

माडग्याळच्या माळावर, शिवगोंडाच्या रानात
विहीर पंचेचाळीस फुटांवर गेली हाय.
खाली चौघंजण. यारीच्या ब्रेकवर सिद्राम.
आणि काठावर मी,
पालथ्या, चेपलेल्या घमेल्यावर बसून.

सिद्रामला तळ दिसत न्हाई,
त्याला दिसतो माझा हात.
तळातल्यांना सिद्राम दिसत न्हाई,
त्यांना दिसतं भाकरीएवढं आभाळ
आणि त्याच्या कडंला माझं डोसकं,
भाकरी करपल्यावानी.

दोन शिट्ट्या : वर.
तीन : खाली.
चार म्हंजे डब्यात माणूस हाय,
मग सिद्राम तोंडातली तंबाखू थुंकतो,
कुणी सांगावं लागत न्हाई.
थांबायला एकच शिट्टी.
थांबायचं असतं तेव्हा
दुसरीला वेळ कुठनं आणायचा?

सकाळी दोर बघायचा त्यो जुन्या लुगड्याच्या चिंधीनं.
चिंधी हळूच ओढत न्यायची,
अडकली की समजायचं, तार तुटलीय.
गेल्या म्हयन्यात हातभर दोरात सात जागी अडकली.
शिवगोंडा म्हणाला, बाकीच्या तारा हायत की.
म्हटलं, हायत की. बसा डब्यात.
सांजच्याला मिरजेहून नवा दोर आला.

पंगतीत वाढताना हात सैल सोडावा,
डबा भरताना कंजूष व्हावं.
काठाखाली चार बोटं मोकळी.
मोठा दगूड तळाला, कपची वर न्हाई.
पहार, सुतकी उभी टाकायची न्हाई, बांधून धाडायची.
आणि उचलायच्या आधी
बुडाचा चिखल फावड्यानं खरवडायचा.
मग गुडघाभर उचलून थांबायचं,
झोका मरू द्यायचा,
चौघांनी कपारीला पाठ लावायची,
आणि मगच माझा हात वर.

हे सगळं त्या दिवशीबी ठाऊक होतं सगळ्यांना.
पण ठेका फुटावर,
आणि दुसऱ्या दिवशी सुरुंगवाला यायचा होता.
मलबा उपसून ठेवायचा म्हणून
डब्यामागं डबा, डब्यामागं डबा.
खाली भरणारा तिम्मण्णा.
त्याचं माझं बोलणं न्हाई, दोन वरसं झाली,
शेरडाच्या पैशावरनं.

डबा वीस फूट वर आला
आणि बुडाच्या चिखलात मला दगूड दिसला,
मुठीएवढा, लोंबत,
जनावराच्या अंगावर गोचीड असावी तसा.
एक शिट्टी.

सिद्रामनं ब्रेक असा मारला की यारी कण्हली.
वर घ्यावं तर पडतोय,
खाली सोडावं तर पडतोय.
शिवगोंडा वरनं वराडतोय, डिझेल जळतंय, डिझेल!
मी वाकून वराडले,
तिम्मण्णा, कपारीत जा!
दोन वरसांनी त्याचं नाव घेतलं
ते असं, घसा फाटंस्तोवर.

चौघं भिंतीला चिकटले.
मी बोट बोट हात खाली आणला,
सिद्रामनं बोट बोट दोर सोडला.
चार बोटंबी झाली नसतील,
दगूड सुटला.
मधल्या वेळात कुणीच श्वास घेतला न्हाई,
डिझेलवालाबी न्हाई.
मग खालनं ठण्ण.
घमेलं. नुसतं घमेलं.
तिम्मण्णा घटकेआधी ज्याच्याम्होरं वाकला हुता ते.

तेच हे. बसायला बरं पडतं,
खोलगट झालंय.

सांजच्याला चार शिट्ट्यांवर तिम्मण्णा वर आला,
रिकाम्या डब्यात उभा, दोर धरून.
माझ्याम्होरनं गेला,
कायबी बोलला न्हाई.
मीबी न्हाई.

पण दुसऱ्या दिवशी
त्यानं धाडलेल्या एकूण एक डब्यात
काठाखाली पाच बोटं जागा होती.
बुड असं घासलेलं,
जशी सणाची परात.
मी मोजलं, आणि हात वर केला.

शेरडाचे पैसे अजून यायचे हायत.